वेस्ट पॉइंटच्या आर्मी टीमचा २०२४ चा सीझन आणि आमच्या सैनिकी शाळेची पोरं : जाणकारांनी सांगावं

बोरीकाठ_आबा
१२ जानेवारी २०२५, सकाळी ६.४०

रामराम मंडळी.

मी अमळनेर तालुक्यातला. मराठा लाइट इन्फन्ट्रीत २४ वर्षं काढली, २००३ साली नायब सुभेदार होऊन घरी आलो. कापूस करतो, थोडा मका. पहाटे गावाबाहेरच्या मैदानावर भरतीची पोरं पळवतो. जवळच एक निवासी सैनिकी शाळा आहे, तिची फुटबॉल टीम सांभाळतो, पगार घेत नाही. प्रश्न या टीमचा आहे. पण तो सुचला अमेरिकेत, म्हणून आधी तिथलं सांगावं लागेल.

मागच्या मे महिन्यात धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला गेलो. घरात बसून बसून सप्टेंबरपर्यंत माझा जीव उबगला. जावयाच्या ते लक्षात आलं. म्हणाला, "आबा, तुम्हाला फौजेच्या पोरांची मॅच दाखवतो." १९ ऑक्टोबरला, शनिवारी, पहाटेच निघालो. शेवटी शेवटी डोंगर लागले. आपल्याकडे पळस फुलतो तसे ते डोंगर पेटलेले, फक्त फुलांऐवजी पानांनी. खाली हडसन नदी आणि वर वेस्ट पॉइंट, त्यांची १८०२ सालची लष्करी अकादमी.

मॅचच्या आधी परेड झाली. राखाडी ड्रेसमधले कॅडेट, ओळीमागून ओळी. मी प्रेक्षकांत उभा होतो, तरी टाचा जुळल्या आणि हात शिवणीला लागले. बायकोने दंडाला धरलं तेव्हा कळलं.

खेळाला फुटबॉल म्हणतात, पण चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो हातात धरून पळायचं. पहिला अर्धा तास मला काही उमगलं नाही. समोर ईस्ट कॅरोलायना युनिव्हर्सिटीची टीम. तिच्या पुढच्या फळीतली पोरं म्हणजे बैलजोडीच. आर्मीची पोरं त्यांच्यापुढे हलकी दिसत होती. तरी आर्मीने ४५-२८ ने मॅच घेतली. ब्रायसन डेली नावाचा मुलगा, टेक्ससमधल्या ॲबरनॅथी या लहानशा गावचा, चेंडू छातीशी कवटाळून एकट्याने पाच वेळा रेषेपार गेला. गुण झाला की तोफ वाजायची आणि कॅडेट खाली येऊन जोर मारायचे, फळ्यावर जितके गुण असतील तितके. त्या दिवशी शेवटचे जोर मोजताना माझे ओठ हलत होते.

दिवाळीच्या तोंडावर परत आलो, पण डोक्यातून ती टीम जाईना. मग जावई टीव्हीसमोर मोबाइल टेकवून व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. पाडव्याच्या रात्री एअर फोर्सला २०-३ ने हरवलं. त्या दिवशी डेली नव्हता, तरी हरवलं. ९ नोव्हेंबरला नॉर्थ टेक्साससमोर १४-३. या मॅचमध्ये जे झालं ते मी नंतर यूट्यूबवर चार वेळा बघितलं. चेंडू आर्मीकडे आला, त्यांना ९४ यार्ड जायचं होतं. २१ चाली, १३ मिनिटं ५४ सेकंद, आणि शेवटी डेली आत. त्यांचा एक क्वार्टर १५ मिनिटांचा असतो. म्हणजे जवळजवळ अख्खा क्वार्टर समोरच्या टीमला चेंडूच मिळाला नाही. ती पोरं बाहेर उभी राहून नुसती बघत होती.

नऊ मॅच, नऊ विजय. मग २४ नोव्हेंबरला आपल्या पहाटे साडेपाचला नोट्र डेमची मॅच, न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये. आदल्या दिवशी विधानसभेचा निकाल लागलेला, गावभर गुलाल, रात्रभर फटाके, झोप नाही. आर्मी ४९-१४ ने हरली. ७ डिसेंबरच्या सकाळी ट्युलेनला ३५-१४ ने हरवून लीगचं अजिंक्यपद घेतलं. आर्मीचं फुटबॉल १८९० पासूनचं, आणि कोणत्याही लीगचं हे पहिलंच अजिंक्यपद. आणि पुढच्याच आठवड्यात नेव्हीसमोर, म्हणजे त्यांच्या नौदल अकादमीच्या टीमसमोर, ३१-१३ ने हरले. त्या रात्रीचं मी आज लिहीत नाही.

आता आमचं. आमची पोरं बहुतेक चोपडा-शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरची, पावरा आणि भिल्ल. चौदा ते सतरा वयाची. अंगाने काटक, बुटकी. या वर्षीच्या शालेय स्पर्धेत तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, विभागाला नाशिकला गेलो. मध्यंतरापर्यंत ०-० होतं. नंतर चार गोल खाल्ले. समोरची पोरं आमच्यापेक्षा वीतभर उंच होती. हेडरला आमचं पोरगं उडी मारायचं तर त्याच्या खांद्याला लागायचं. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही.

मला हे विचारायचं आहे : ती आर्मीची टीम चेंडू इतका वेळ स्वतःकडे ठेवते ती कशी? हलक्या पोरांना ते कसं जमतं? आणि एवढी रीत जमलेली असताना नेव्हीसमोर ती का मोडली? यातलं काही पायाच्या फुटबॉलला, आमच्या पोरांना लागू होईल का? मी स्वतः बटालियनच्या टीममध्ये सेंटर हाफ खेळलो आहे, पायाच्या खेळाचं मला समजतं. त्यांच्या खेळाचं कुणीतरी नीट उलगडून सांगा.

भुसावळकर_पुण्यात
१२ जानेवारी २०२५, रात्री ११.१५

आबा, रामराम. मी शिकायला दोन वर्षं ओहायोत होतो. तिथे शनिवारी दुसरं काही नसतंच, हेच फुटबॉल. वेस्ट पॉइंटला जायचं मात्र राहून गेलं, तुमचा हेवा वाटला.

चेंडू ठेवण्याचं गणित सोपं आहे. ज्या टीमकडे चेंडू असतो तिला दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्या चार. बाकीच्या टीम लांब पास टाकतात. पास जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं. आर्मी पास जवळजवळ टाकतच नाही. चेंडू धरून पळायचं, तीन-चार यार्ड मिळवायचे, मैदानाच्या आतच पडायचं. आत पडलं की घड्याळ चालू राहतं. पुढची चाल सुरू करायला ४० सेकंद मिळतात आणि आर्मीची पोरं ते जवळजवळ पूर्ण वापरतात. आता तुमच्या त्या २१ चालींना ४० ने गुणा. ८४० सेकंद, म्हणजे १४ मिनिटं. तुम्ही १३ मिनिटं ५४ सेकंद लिहिलंत ना, तिथेच आलो.

हलक्या पोरांचं रहस्य दुसरीकडे आहे. या खेळाला ट्रिपल ऑप्शन म्हणतात. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू पहिल्यांदा घेतो तो क्वार्टरबॅक, आर्मीकडे डेली. तो समोरच्यांपैकी एक गडी आधीच हेरून ठेवतो आणि त्या गड्याला कुणीही अडवायचं नाही असं ठरलेलं असतं. मुद्दाम मोकळा. आता तो मोकळा गडी जे करेल त्याच्या उलट डेली करणार. तो आत धावला तर डेली चेंडू स्वतः घेऊन त्याच्या बाहेरून निघतो. तो बाहेर थांबला तर चेंडू मधून धावणाऱ्याच्या पोटात. आणि डेली बाहेर निघाल्यावर दुसरा कुणी अंगावर आला, तर शेजारून पळणाऱ्याकडे चेंडू फेकतो. अशा रीतीने समोरच्याचा कितीही धिप्पाड गडी असो, त्याला कुणी हातही न लावता तो चालीतून बाद होतो. शिवाय त्याला अडवायला जो गडी लागला असता तो शिल्लक राहतो आणि दुसरीकडे एकाला दोघं मिळून अडवतात. अंगाने कमी पडणाऱ्या टीमसाठी ही रीत जन्मली, असंच मी मानतो.

त्यांचा कोच जेफ मंकन, २०१४ पासून तिथे आहे. मध्ये त्याच्यावर एक अवघड प्रसंग आला. २०२२ पासून कमरेखाली अडवण्यावर नियम कडक झाले, आणि हलक्या पोरांचं तेच हत्यार होतं. त्याने २०२३ मध्ये मांडणीच बदलून टाकली, क्वार्टरबॅक मागे उभा करून खेळवला. सहा जिंकल्या, सहा हरल्या. मग २०२४ साठी त्याने जुनी मांडणी नव्या नियमांत बसवून परत आणली. आणि त्याच वर्षी पुढच्या फळीला जो मूर पुरस्कार मिळाला, देशातल्या सर्वोत्तम फळीचा. तुम्हाला बारीक वाटलेली पोरं ती हीच.

नेव्हीचं कारण मला दोन ठिकाणी दिसतं. इतर टीमना असला खेळ वर्षातून एखाद्या वेळी समोर येतो आणि तयारीला पाच दिवस मिळतात. नेव्ही स्वतः याच घराण्यातली आहे. तिच्या पोरांना तो मोकळा सोडलेला गडी होण्याची सवय असते, ती फसत नाहीत. दुसरं, ही रीत पुढे असताना जितकी चांगली, मागे पडल्यावर तितकीच जड. गुण कमी असले की घड्याळ तुमचंच नुकसान करू लागतं. मग पास टाकावे लागतात, आणि ती आर्मीची सवय नाही. त्या रात्री डेलीचे तीन पास नेव्हीच्या हातात गेले. नोट्र डेमसमोरही मागे पडल्यावर वाट उरली नाही.

पायाच्या फुटबॉलचं मला समजत नाही. तिथे शिरपूरच्या सरांनी लिहावं, ते इथे असतात.

शिरपूर_पीटी_सर
१३ जानेवारी २०२५, दुपारी २.०५

आबा, नमस्कार. मी २१ वर्षं शाळेत फुटबॉल शिकवतो. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

घड्याळाचा भाग सोडून द्या. आपल्या खेळात चेंडू कधी थांबत नाही आणि चाळीस सेकंद कुणी उभं राहू देत नाही. १४ मिनिटं चेंडू राखायचा म्हणाल तर पोरं आपल्याच गोलसमोर उलटसुलट पास देतील आणि त्यातला एक चुकेल.

पण भुसावळकरांनी सांगितलेला तो मोकळा गडी, तो आपल्या खेळात रोज असतो. दोघांविरुद्ध एक. माझ्याकडे चेंडू आहे, शेजारी जोडीदार आहे, समोर एकच बचाववाला. आपली पोरं काय करतात? चेंडू मिळाला की लगेच पास. बचाववाला अजून हललेलाच नसतो, तो सरळ जोडीदाराकडे वळतो. पास आधी गेला, फायदा शून्य. चेंडू घेऊन त्याच्या अंगावर जायचं, तो पाऊल टाकेपर्यंत थांबायचं. त्याचं वजन एका पायावर गेलं की चेंडू दुसरीकडे. त्याची उंची सहा फूट असली तरी तेव्हा तिचा उपयोग नाही. हे थांबणं शिकवायला मला एकेका पोरामागे वर्ष लागतं, कारण भीती वाटते.

चेंडू जमिनीवर ठेवा. कॉर्नर उंच मारू नका, जवळचा छोटा पास घ्या. तुमची पोरं हेडरला हरणारच, तर हेडरची वेळ येऊ देऊ नका.

आता खरं विचारतो. चारही गोल मध्यंतरानंतर झाले. उंची मध्यंतराआधीही तेवढीच होती. पोरं नाशिकला कधी पोचली? काय खाऊन खेळली?

आणि फौजेच्या टीमसाठी अमेरिकेत जायला नको. ९ मार्च २०२४ ला आपल्या सर्व्हिसेसने, म्हणजे फौजेच्या तिन्ही दलांच्या टीमने, अरुणाचलमध्ये गोव्याला हरवून संतोष ट्रॉफी सातव्यांदा घेतली. फरक किती? १-०. ती मॅच पोरांना दाखवा. भाषाही समजेल, खेळही समजेल.

बोरीकाठ_आबा
१४ जानेवारी २०२५, सकाळी ९.३०

संक्रांतीचा तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

सर, राग कसला. तुमचा प्रश्न वाचला आणि शेतात जाऊन बांधावर बसलो. रात्री दोनला गाडी निघाली. धुळ्यावरून नाशिक. पोरं रात्रभर ताटकळत. सकाळी मैदानाबाहेर पोहे आणि चहा. दहाला मॅच. ही व्यवस्था मीच केली होती. खर्च वाचतो म्हणून मीच मुक्काम नको म्हणालो होतो. उंचीवर ढकलून मी इतके दिवस मोकळा झालो होतो. फौजेत आम्ही मॅचच्या आदल्या दिवशी पोचायचो, हे माहीत असलेला माणूस मी. पुढच्या वर्षी मुक्काम. पैसे मी गावातून उभे करीन.

भुसावळकर भाऊ, २१ गुणिले ४० मी पोरांना मैदानात मातीवर करून दाखवलं. एवढा वेळ गणितात पोरं शांत बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

आता नेव्हीची रात्र. मॅच मेरीलँडमध्ये लँडोव्हरला होती, आपल्याकडे १५ डिसेंबरची रात्र, दीड वाजता सुरू. थंडी कडाक्याची. मी गोधडी घेऊन ओट्यावर बसलो, घरात आवाज नको म्हणून. तुम्ही सांगता ते तीन पास मी बघितले, पण तेव्हा कारण कळलं नव्हतं. एका वेळी तर नेव्हीने पाय मारून चेंडू परत देण्याचा आव आणला आणि त्यांचा एक धिप्पाड गडीच तो घेऊन २९ यार्ड पळाला. मी उठून उभा राहिलो. एवढा साधा डाव आणि आमची पोरं फसली. "आमची" असं मी कधीपासून म्हणायला लागलो ते माहीत नाही.

मॅच संपल्यावर मी कॉल बंद करणार होतो. जावई म्हणाला, "थांबा आबा, आता बघा." दोन्ही टीम मिळून आधी हरलेल्यांच्या कॅडेटसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आर्मीचं गीत झालं. मग सगळे तसेच चालत नेव्हीच्या बाजूला गेले, तिथे नेव्हीचं गीत. जिंकणाऱ्याचं गीत दुसरं. म्हणून वर्षभर दोन्हीकडची पोरं एकमेकांना एवढंच म्हणतात, दुसरं गाऊ. जिंकलेली पोरं हरलेल्यांच्या गीतासाठी सावधान उभी होती. डेलीचं तोंड दिसलं. लीगचं अजिंक्यपद आठवड्याआधी घेतलेलं पोरगं, आणि ते सगळं कुठल्या कुठे गेलेलं.

तेव्हा मला १९८८ आठवलं. ब्रिगेडची फायनल होती. मी सेंटर हाफ, आमच्या बटालियनने तीन वर्षांत पहिल्यांदा फायनल गाठलेली. शेवटच्या पाच मिनिटांत माझा पास सरळ समोरच्या फॉरवर्डच्या पायात गेला आणि गोल. ०-१. मॅचनंतर आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी आम्हाला फॉल-इन केलं, जिंकलेल्या टीमसमोर नेलं आणि तीन वेळा जयजयकार करायला लावला. माझ्या घशातून आवाज निघेना. त्यांचा कॅप्टन, एक गढवाली हवालदार, ओळीतून बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजारी उभा राहिला आणि माझ्या वाटचं ओरडला. महिन्याभरात दोन्ही बटालियन वेगवेगळ्या दिशांना हलल्या. तो माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

सौ. पहाटे बाहेर आली. म्हणाली, "काय व्हयनं?" मी म्हटलं, "हारी ग्यात." तिने काही न बोलता चूल पेटवली आणि चहा ठेवला.

देवपूरची_माई
१४ जानेवारी २०२५, रात्री १०.००

आबा, मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

आम्ही धुळ्याचे. माझा मुलगा खडकवासल्याला एनडीएत आहे, तिसऱ्या वर्षाला. तो फुटबॉल खेळतो, इंटर-स्क्वाड्रन. त्याचा फोन आला की मी विचारते, जिंकलात का? तो आधी कुणाचा गुडघा दुखावला, कुणाला टाके पडले ते सांगतो, मग स्कोअर. पहिल्या वर्षी असा नव्हता. पहिल्या वर्षी हरले की दोन-दोन आठवडे फोनवर धड बोलायचा नाही. कोणी शिकवलं, कधी शिकवलं, मला कळलं नाही. तुमचा तो गढवाली हवालदार वाचला आणि वाटलं, असंच कुणीतरी त्याच्याही शेजारी उभं राहिलं असेल.

मला विचारायचं आहे, त्या अमेरिकन मुलांना खेळाचे पैसे मिळतात का? पेपरात वाचलं होतं की तिकडे कॉलेजच्या खेळाडूंना आता लाखो रुपये मिळतात. मग ही मुलं तिथे का राहतात?

भुसावळकर_पुण्यात
१५ जानेवारी २०२५, सकाळी ८.२०

माई, बरं झालं लिहिलंत. बाकीच्या कॉलेजात जाहिरातींचे पैसे मिळतात, हो. वेस्ट पॉइंटच्या कॅडेटना ते घेता येत नाहीत, कारण ते आधीच सरकारी नोकरीत धरलेले. शिक्षणाचा खर्च सरकार करतं, आणि पास झाल्यावर किमान पाच वर्षं सैन्यात काढायची.

जाण्याचा रस्ता मात्र असतो. दोन वर्षं झाल्यावर, तिसऱ्याचे वर्ग सुरू होण्याआधी, बंधन न घेता बाहेर पडता येतं. या सीझननंतर कान्ये उडो हा त्यांचा धावणारा, हजारावर यार्ड काढलेला मुलगा, ॲरिझोना स्टेटला गेला. मी त्याला नावं ठेवणार नाही. वीस वर्षांच्या मुलाने आपलं आयुष्य कुठे घालवायचं हे ठरवलं.

पण त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट ऐका. २८ डिसेंबरला लुईझियानात श्रीव्हपोर्टला आर्मीची शेवटची मॅच होती, इंडिपेंडन्स बोल. समोर मार्शल युनिव्हर्सिटी येणार होती. त्यांचा कोच दुसरीकडे गेला, मागोमाग इतके खेळाडू बदलीच्या यादीत गेले की टीमच उभी राहिना, आणि त्यांनी माघार घेतली. ऐन वेळी लुईझियाना टेक आली. आर्मी मात्र नेव्हीकडून हरून दोन आठवडे झालेले, उडो गेलेला, तरी उभी राहिली आणि २७-६ ने जिंकली. डेलीने त्या दिवशी सीझनमधले ३२ टचडाउन (चेंडू घेऊन रेषेपार जाणं) पुरे केले, सगळे धावून. एकूण १२ विजय, २ पराभव. एका सीझनमध्ये १२ विजय हे आर्मीला याआधी कधी जमलं नव्हतं. येत्या उन्हाळ्यात डेली अधिकारी होऊन बाहेर पडेल.

हरल्यावर दोन आठवड्यांत परत उभं राहण्याची ती मॅच मला अजिंक्यपदापेक्षा मोठी वाटते. आबा, तुम्ही ती बघितली का?

बोरीकाठ_आबा
९ फेब्रुवारी २०२५, रात्री ८.५०

भाऊ, तेव्हा बघितली नव्हती. नेव्हीनंतर मन लागलं नाही. तुमचं वाचून परवा बघितली, शाळेतल्या टीव्हीवर, सगळ्या पोरांना घेऊन. नियम मी समजावत होतो. बघता बघता पोरंच मला समजावायला लागली.

माई, तुमच्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा. गुडघ्याला गरम पाण्याचा शेक नको, पहिले दोन दिवस बर्फ.

सर, तुमचं दोघांविरुद्ध एक महिनाभर रोज पहाटे केलं. पहिला आठवडा फार वाईट गेला. पोरं थांबतच नव्हती, चेंडू पायात आला की विस्तव असल्यासारखा देऊन टाकायची. मग मी एक युक्ती केली. बचाववाला म्हणून मी स्वतः उभा राहिलो. चौसष्टीच्या म्हाताऱ्याची भीती कोण धरतो? मी पाऊल टाकलं की पास, मी थांबलो की पुढे. हळूहळू त्यांना माझा पाय वाचता येऊ लागला. गेल्या आठवड्यात माझ्या जागी सर्वात उंच पोरगा ठेवला.

आज सकाळी शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेशी मैत्रीची मॅच झाली. १-१. तो आमचा एक गोल लिहितोच. आमचा डावा विंगर, नववीतला, टीममध्ये सर्वात बुटका. चेंडू घेऊन त्यांच्या फुलबॅकवर सरळ चालत गेला. मी बाहेरून ओरडणार होतो, दे, दे. तोंडावर हात ठेवला. तो फुलबॅक आडवा घुसेपर्यंत पोरगं थांबलं, अगदी शेवटपर्यंत थांबलं, आणि मग आत सरकवला. मधल्या पोरासमोर फक्त गोली होता.

त्यांनी बरोबरी कॉर्नरवरच केली, हेडरने. तिथे आमचं अजून काही सुटलेलं नाही. सर, कॉर्नरच्या वेळी आमच्या बुटक्या पोरांनी कुठे उभं राहावं, पहिल्या खांबाला किती ठेवावे, हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. पुढच्या रविवारी तुमची टीम घेऊन इकडे या. सकाळी आठला मॅच, मी चुना मारून ठेवतो. शनिवारीच संध्याकाळी पोचा, पोरांची झोपायची सोय शाळेच्या हॉलमध्ये होईल. सौ.ने असोद्याची वांगी सांगून ठेवली आहेत, भरीत आणि कळण्याची भाकरी. किती जण येणार तेवढं कळवा.

शिरपूर_पीटी_सर
९ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.३०

सोळा पोरं आणि मी. शनिवारी पाचपर्यंत पोचतो. पहिल्या खांबाला दोन ठेवा तोपर्यंत, बाकीचं मैदानावर दाखवतो.